पांढरा कोट कुणाचा? दवाखान्यातले कपडे, पदे आणि पेशंटने नक्की काय बघावे

गेल्या पावसाळ्यात वडिलांना दवाखान्यात दाखल करावे लागले. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही मोठ्या दवाखान्यात घडू शकते. पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या आत कॉटजवळ पाच माणसे येऊन गेली आणि पाचही जणांच्या अंगात पांढरे. वडिलांना सल्फाच्या गोळीने अंगभर चट्टे उठतात. ही गोष्ट मी त्या पाचांतल्या सगळ्यात वयस्कर, चष्मा लावलेल्या, इस्त्रीचा लांब कोट घातलेल्या गृहस्थांना नीट समजावून सांगितली. त्यांनी मान हलवली, "बरं बरं" म्हणाले आणि रक्ताच्या नळ्या घेऊन निघून गेले. दुपारी कळले, ते लॅबचे टेक्निशियन.

संध्याकाळी चिठ्ठी हातात आली, त्यात सल्फाचीच गोळी. खालच्या मेडिकलमधल्या मुलाने सवयीने विचारले, "कशाची ॲलर्जी नाही ना?" म्हणून निभावले. चिठ्ठी लिहिणारी डॉक्टर म्हणजे सकाळी कुर्त्यावर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून आलेली तरुण मुलगी. कोट नव्हता, म्हणून वडील तिला दिवसभर "ओ सिस्टर, जरा पंखा लावा की" असे म्हणत होते आणि ती लावतही होती.

चूक कुणाची, हा वाद घालण्यात अर्थ नाही. टेक्निशियनने "मी डॉक्टर नाही, वॉर्डात सांगा" म्हणायला हवे होते, आणि मीही विचारायला हवे होते. पण कोट बघून माणूस ओळखण्याची ही सवय आपल्याला लागली कुठून आणि ती कितपत भरवशाची आहे, हे त्यानंतर जरा खोलात जाऊन पाहिले.

ॲप्रन म्हणजेच कोट

आपल्याकडे याला बहुतेक जण ॲप्रनच म्हणतात. मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलगा लागला की बेळगावात घरचे "ॲप्रन शिवायला टाकला" असे कौतुकाने सांगतात. प्रत्यक्षात तो पुढून बटणांचा, खिशांचा कोट असतो. कॉलेजांत आता कोट घालण्याचा वेगळा समारंभ होतो. अशा समारंभाची आजची पद्धत १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पसरली. भारतात २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याच प्रसंगी चरक शपथ घ्यावी असे सुचवले, तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला होता.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर नसताना डॉक्टरकी केली तर कायदा आडवा येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण त्या कायद्याला काळजी नोंदणीची आहे, कपड्याची नाही. पांढरा कोट ही डॉक्टरांची राखीव मालमत्ता नाही. लॅबवाला, एक्स-रेवाला, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, कॉलेजातला केमिस्ट्रीचा प्राध्यापक, सगळे तो घालतात आणि त्यात गैर काही नाही. फार्मासिस्टला तर तो नियमानेच घालावा लागतो. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणे औषध दुकानातल्या नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वच्छ पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा असतो. आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये किती ठिकाणी तो दिसतो, हे ज्याचे त्याने आठवावे. आमची चूक पकडणारा मुलगा टी-शर्टवर होता!

काळ्याचा पांढरा कसा झाला

डॉक्टर म्हणजे पांढरा कोट हे समीकरण फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकात बराच काळ युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळ्या कोटातच असत. पेशंट तपासणे हे गंभीर काम, तेव्हा कपडे समारंभाला शोभतील असे, हा विचार. सर्जन तर ऑपरेशनलाही तोच जुना कोट चढवत आणि त्यावरचे रक्ताचे डाग अनुभवाची खूण मानले जात. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिड वापरून जखमा कुजण्यापासून वाचवता येतात हे 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पुढच्या दोन-तीन दशकांत जंतूंचा सिद्धांत रुजला आणि स्वच्छतेचा रंग म्हणून पांढरा आला. कोट मात्र प्रयोगशाळेतून आला. त्या काळी शास्त्रज्ञांचा मान वाढत होता आणि डॉक्टरांना आपणही वैद्यबुवा नसून शास्त्राचे लोक आहोत हे लोकांना दाखवायचे होते. म्हणजे ज्या लॅबवाल्याला मी डॉक्टर समजलो, त्याचाच कोट मुळात डॉक्टरांनी उचललेला. हे वाचल्यावर माझे मलाच हसू आले.

हा बदल डोळ्यांनी बघायचा असेल तर अमेरिकन चित्रकार थॉमस एकिन्स यांची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. दोन्ही फिलाडेल्फिया शहरातली. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या कोटात ऑपरेशन करत आहेत, हाताला रक्त, सहायकही काळ्यात. १८८९ च्या चित्रात डॉ. ॲग्न्यू आणि त्यांचे सहायक पांढऱ्यात आहेत आणि शेजारी पांढऱ्या टोपीतली नर्स उभी आहे. मध्ये फक्त चौदा वर्षे.

आणि याच चौदा वर्षांच्या मध्ये, १८८३ ते १८८६ या काळात, त्याच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या. तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी एम.डी. मिळवली. १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो अनेकांनी पाहिला असेल. तिघी विद्यार्थिनी, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबत इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात आणि आनंदीबाई साडीत. कुणाच्याही अंगात कोट नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूक झाली होती, पण कामाला सुरुवात होण्याआधीच १८८७ मध्ये त्या गेल्या. पहिल्या मराठी डॉक्टर बाईंची ओळख आजही त्या साडीतल्या फोटोनेच होते.

वॉर्डातली उतरंड

आता आपल्या वॉर्डात येऊ. कपड्यांवरून पद ओळखण्याचा प्रयत्न केला तर डोके फिरते, कारण प्रत्येक दवाखान्याचे रंग वेगळे. एका ठिकाणी निळा ड्रेस म्हणजे नर्स, दुसऱ्या ठिकाणी तोच निळा हाउसकीपिंगचा. साधारण अंदाज असा: मेडिकलच्या विद्यार्थ्याच्या अंगात कोट हमखास, इंटर्नच्या अंगात बहुतेक वेळा, रेसिडेंटच्या अंगात कधी असतो कधी नसतो, आणि मोठे डॉक्टर राउंडला येतात ते साध्या शर्ट-पँटमध्ये. त्यांना सांगावे लागत नाही. मागे चालणारी सहा माणसे सांगतात. थोडक्यात, आपल्याकडे कोट जितका नवाकोरा तितका माणूस बहुधा पदाने लहान. अमेरिकेतल्या अनेक दवाखान्यांत याचे मापच ठरलेले आहे, विद्यार्थ्याला आखूड कोट आणि डॉक्टरला लांब. तर तिथल्याच प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी कोट न घालता सूट घालण्याची जुनी परंपरा आहे.

नर्सेसची उतरंड तर आपल्याला नावानेही ठाऊक नसते. महाराष्ट्राच्या सरकारी दवाखान्यात अधिसेविका म्हणजे मेट्रन, परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आणि अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सना 'नर्सिंग ऑफिसर' हे पदनाम दिले आणि तो शब्द आता सगळीकडे रुळतोय. पण वॉर्डात हाक एकच, सिस्टर. पुरुष नर्स असेल तर ब्रदर. त्याखाली मामा आणि मावशी. बेडपॅन देणाऱ्या, चादर बदलणाऱ्या मावशीला नाव विचारले जात नाही, नात्याने हाक मारली की काम भागते. यात आपुलकी आहे हे खरे. पण वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला वॉर्डात कुणी नावाने ओळखत नाही, हेही तितकेच खरे. ठेक्यावरच्या मावशीला तर गणवेशही ठेकेदाराच्या नावाचा. पाठीवर कंपनी छापलेली, पुढे स्वतःचे नाव नाही.

कॉमर्सवाल्याला हिशेब आधी दिसतो, म्हणून तोही सांगतो. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांना महिना १,८०० रुपये ड्रेस भत्ता लागू झाला. म्हणजे गणवेश शिवणे, धुणे, इस्त्री करणे हा कामाचाच खर्च आहे हे सरकारने मान्य केले. आपल्याकडच्या छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये मात्र बहुतेक सिस्टर हा गणवेश घरी नेऊन, घरच्या बाकीच्या कपड्यांबरोबरच धुतात.

गावात आले की रंग पुन्हा बदलतो. कर्नाटकात गुलाबी साडी दिसली की आशा कार्यकर्ती. जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये मानधनासाठी हजारो आशा बसल्या, तेव्हा ती साडी राज्यभर दिसली. गरोदर बाईला खानापूरच्या आतल्या गावातून दवाखान्यापर्यंत आणणारी बहुधा तीच, पण वॉर्डाच्या दारात तिला "पेशंटचे नातेवाईक बाहेर थांबा" हेच ऐकावे लागते.

कोविडच्या दिवसांत मात्र ही सगळी उतरंड एका फटक्यात पुसली गेली होती. पीपीई किटमध्ये प्रोफेसर आणि वॉर्डबॉय सारखेच दिसत. मग मार्करने पाठीवर आणि छातीवर नाव लिहायची पद्धत पडली, कारण त्याशिवाय त्यांचे त्यांनाच एकमेकांना ओळखता येईना. गरज पडल्यावर नाव लिहिता येते, हे तेव्हा दिसले.

बायकांना बसणारा फटका

आमच्या वडिलांनी केले ते घरोघरी होते. बाई डॉक्टर कोट न घालता आली की ती सिस्टर, आणि पुरुष नर्स कोटात आला की तो डॉक्टर. एका तरुण डॉक्टर मुलीशी बोललो तर ती म्हणाली, "मला उकाड्यात कोट नको वाटतो, पण काढला की पेशंट विचारतो, डॉक्टर कधी येणार?" म्हणजे पुरुषाला कोट सोडून देता येतो, बाईला तो पुरावा म्हणून अंगावर ठेवावा लागतो. आणि सिस्टर म्हटले की राग येतो का? ती म्हणाली, "सिस्टर ही काही शिवी नाही. पण मी सांगितलेलं ऑपरेशनचं कारण ते ऐकतच नाहीत, डॉक्टर आल्यावर परत विचारू म्हणतात. तिथे वेळ जातो."

'डॉ.' कुणी लावायचे

कोटाचा वाद आता नावापर्यंत पोचला आहे. डॉक्टरांची राज्यवार नोंदणी जुनी. नर्सेससाठी भारतीय परिचर्या परिषद कायदा १९४७ चा, फार्मसीचा कायदा १९४८ चा. पण लॅब टेक्निशियन, एक्स-रे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, दृष्टी तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना देशपातळीवरचा कायदा मिळायला २०२१ उजाडले. त्या कायद्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आणला. इतकी वर्षे या माणसांना 'पॅरामेडिकल' म्हणजे डॉक्टरच्या बाजूला उभे राहणारे म्हटले जायचे. आता ते स्वतःचा व्यवसाय असलेले लोक आहेत, निदान कागदावर तरी.

मग प्रश्न आला तो नावाआधीच्या दोन अक्षरांचा. २०२५ मध्ये फिजिओथेरपीच्या नव्या अभ्यासक्रमात नावाआधी 'डॉ.' आणि नावानंतर 'पीटी' लावण्याची सोय आली. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 'डॉ.' लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. साडेचार वर्षे शिकून गुडघ्याचा पेशंट चालता करणाऱ्याने मान मागितला तर चूक काय? पण चंदगडहून पहाटेच्या एसटीने आलेल्या आजीला 'पीटी' म्हणजे काय हे कळणार नाही, हेही खरेच. माझे मत विचाराल तर 'डॉ.' लावा किंवा न लावा, पण पाटीवर मराठी-कन्नडमध्ये 'फिजिओथेरपिस्ट' असे मोठ्या अक्षरात लिहा. मान कमी होत नाही.

कोटावरचे जंतू, कोटाची भीती

ज्या स्वच्छतेसाठी पांढरा रंग आला, तिथेच आता शंका आहे. १९९१ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये शंभर डॉक्टरांचे कोट तपासले, तर बाह्यांची टोके आणि खिसे सर्वांत जास्त दूषित निघाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने पुढे २००७ मध्ये कोपराच्या खाली काहीच नको असा नियम जाहीर केला. लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही, अंगठ्या नाहीत. पारंपरिक पांढरा कोट तिथल्या वॉर्डांतून जवळपास गेलाच. भारतात हा मुद्दा जोरात मांडला तो मंगळूरच्या एका डॉक्टरने. डॉ. एडमंड फर्नांडिस यांनी २०१५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात लिहिले की भारतातल्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी पांढरे कोट घालणे थांबवावे. उष्ण हवा, लांब बाह्या, आठवड्यात कधीतरी धुणे आणि तोच कोट घालून कॅन्टीनला जाणे, हे चित्र आपण सगळेच बघतो. मेडिकल कॉलेजच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी अकराला उभे राहिले तरी पुरे. अर्थात नुसता कोट काढल्याने पेशंटचा संसर्ग कमी होतो असेही ठामपणे सिद्ध झालेले नाही, आणि हात धुणे याहून महत्त्वाचे हे सगळेच डॉक्टर सांगतात.

कोटाचा आणखी एक परिणाम थेट मशीनवर दिसतो. घरी बीपी बरोबर, दवाखान्यात वाढलेले. याला व्हाइट कोट हायपरटेन्शन असेच नाव आहे. इटलीत मिलानच्या मॅन्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पेशंटच्या रक्तवाहिनीतला दाब सलग मोजून दाखवले की डॉक्टर बीपी घ्यायला आले की दाब चढतो. १९८७ मध्ये त्यांनी हेच काम नर्सकडून करवून घेतले, तर वाढ सुमारे निम्मीच झाली. रुबाबाचे माप याहून स्पष्ट कुठे मिळणार? म्हणूनच बीपीची गोळी सुरू करण्याआधी घरी किंवा चोवीस तासांच्या मशीनवर मोजून घ्या, असे आता डॉक्टर सांगतात. घरचे आकडे वहीत लिहून नेले तर त्यांना मदतच होते.

मग बघायचे काय

सीमाभागात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. चंदगड, निपाणी, खानापूरचे पेशंट बेळगावात येतात, सिंधुदुर्गाचे गोव्यात बांबोळीला जातात, अथणी-चिकोडीकडचे मिरजेला. राज्य बदलले की फॉर्मची भाषा बदलते, पदांची नावे बदलतात, गणवेशाचे रंग बदलतात. मराठी बोलणारा माणूस वॉर्डात भेटला की पेशंटला हायसे वाटते आणि तो सगळे त्यालाच सांगून टाकतो, मग तो मामा असो की डॉक्टर. माणुसकीच्या दृष्टीने चांगलेच, पण केसपेपरवर त्यातले काही चढत नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्ण हक्कांची सनद तयार केली आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये ती राज्यांना पाठवली. तिच्यातला पहिलाच हक्क माहितीचा आहे. माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावी आणि आपल्यावर उपचार करणारी माणसे कोण, त्यांचे पद काय, मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरांची, हे जाणून घेण्याचा हक्क पेशंटला आहे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा "आपण कोण? डॉक्टर का?" असे विचारणे हा आगाऊपणा नाही. दाखल झाल्यावर पहिल्या दिवशीच "आमचे मुख्य डॉक्टर कोण?" हे विचारून नाव लिहून घ्या. ॲलर्जी, चालू गोळ्या, आधीची ऑपरेशने तोंडी सांगून थांबू नका, केसपेपरवर लिहिली का ते बघा. वाचता येत नसेल तर लिहिणाऱ्यालाच परत वाचून दाखवायला सांगा.

डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठी, दाखला, पैशाची पावती या तिन्हींवर देणे २००२ च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते काही दिवसांतच स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत. चिठ्ठीवर क्रमांक दिसला नाही तर विचारा. तो राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय आयोगाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कर्नाटकात २०२४ पासून खासगी दवाखान्यांच्या पाट्यांचे रंगही ठरवून दिले आहेत, ॲलोपॅथीला निळा आणि आयुर्वेदाला हिरवा, आणि पाटीवर केपीएमई नोंदणी क्रमांक हवा. तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचे जिल्हा नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरण आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागू होतो, तर गोव्यात क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१९ चा.

नावाची पट्टी सक्तीची करणे फार अवघड नाही. हरयाणा सरकारने २०२३ मध्ये सरकारी दवाखान्यांत ड्रेसकोड आणला. जीन्स-टीशर्टवरच्या बंदीची चर्चा खूप झाली, पण त्यातली नाव आणि पद लिहिलेल्या पट्टीची अट पेशंटच्या कामाची होती. आपल्याकडे बिल्ले दिले जातात, पण बरेचदा ते गळ्यातल्या दोरीवर उलटे लटकतात, किंवा कोटाच्या आत जातात. अक्षरही इतके बारीक की कॉटवर आडवा पडलेला माणूस वाचूच शकत नाही.

वडिलांच्या केसपेपरचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मेडिकलमधून मी चिठ्ठी घेऊन परत वर गेलो आणि त्या डॉक्टर मुलीला गाठले. तिने गोळी खोडली, दुसरी लिहिली आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने 'सल्फा ॲलर्जी' असे ठळक लिहून खाली सही केली, शेजारी स्वतःचे नाव आणि केएमसी क्रमांक. वडिलांनी चष्मा लावून ते वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती राउंडला आली तेव्हा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, काल तुम्हाला पंखा लावायला सांगितला, चुकलं." ती म्हणाली, "काही नाही हो आजोबा. आज लावू का?"